शिल्लक रजा

रविवारची जेवणं आटोपून आम्ही जरा आडवं होण्याच्या बेतात असतो, नेमका तेव्हा मुलाचा इंग्लंडहून फोन येतो. त्याची ती सकाळ, आमची वामकुक्षी. २०२४ च्या जानेवारीतल्या अशाच एका रविवारी त्यानं विषय काढला, "बाबा, या उन्हाळ्यात तुम्ही दोघं याल तेव्हा आपण सगळे आठ दिवस फ्रान्सला जाऊ. आपली गाडी बोटीत घालून. आणि तिथे तंबूत राहू."

फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे 'तंबू' हा शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोचला. "तंबूत?" आतून प्रश्न आला. "का? त्याच्या घराला काय झालं?"

आमच्या सौभाग्यवतीचा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. आपल्याकडे माणसं हौसेनं तंबूत शिरतात ती सर्कस बघायला, नाहीतर पूर्वी जत्रेतला सिनेमा बघायला. वारीत दिंड्यांचे तंबू पडतात, पण ती भक्ती झाली. एरवी तंबू दिसतो तो संकटात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्यानंतर बँकेच्या कामासाठी मी काही दिवस त्या भागात होतो. तंबू म्हणजे घर गेल्याची खूण, हे समीकरण तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे पैसे खर्चून, समुद्र ओलांडून, चांगलं पक्कं घर सोडून तंबूत राहायला जायचं ही कल्पना पचायला थोडा वेळ लागला.

पण मुलानं ठरवलंच होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं संगणकावर केलेला एक तक्ता पाठवला. कामं, तारखा, अंदाजे खर्च आणि शेवटच्या रकान्यात 'कोण करणार'. आठ वर्षांच्या नातीकडे पत्त्यांचे खेळ आणि पाच वर्षांच्या नातवाकडे तंबूच्या खुंट्या मोजण्याचं काम होतं. माझ्या नावापुढे दोन गोष्टी होत्या : 'कागदपत्रं' आणि 'टोल'. जन्मभर दुसऱ्यांची कागदपत्रं तपासलेल्या माणसाला हे बरोबर ओळखून दिलेलं काम होतं. टोलचा उलगडा मात्र पुढे फ्रान्समध्ये झाला.

अशा प्रवासाला निघणाऱ्या आपल्याकडच्या आईवडिलांसाठी कागदपत्रांची गोष्ट आधी सांगतो, कारण खरी मेख तिथेच आहे. आम्ही माणसं सहा आणि पासपोर्ट दोन देशांचे. नातवंडं ब्रिटिश नागरिक. त्यांना फ्रान्सच्या छोट्या सहलीला व्हिसा लागत नाही. मुलगा आणि सून तिथे कायमचे राहणारे, पण पासपोर्ट भारताचे. त्यांना शेंगेन व्हिसा हवा. आम्ही दोघं तर पाहुणेच, त्यामुळे आम्हाला दोन व्हिसा, एक ब्रिटनचा आणि एक शेंगेनचा. म्हणजे घरात जी सर्वांत लहान, तीच सर्वांत मोकळी.

ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही आणि शेंगेन व्हिसा ब्रिटनला चालत नाही. शिवाय शेंगेनचा अर्ज आपण जिथले रहिवासी तिथूनच करायचा असतो. 'एकदा इंग्लंडला पोचू, मग बघू' हा आपला आवडता बेत इथे उपयोगाचा नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून हा अर्ज देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. पासपोर्ट एकच आणि तो पाळीपाळीनं दोन दारांत जाणार, म्हणून मार्चअखेरीलाच सुरुवात केलेली बरी. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. परतीच्या वाटेवर पुन्हा ब्रिटनमध्ये शिरायचं असल्यामुळे तिथला व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हेही डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. राहण्याच्या जागेचा पुरावा म्हणून मी तंबूतळाच्या आरक्षणाचा कागद जोडला होता. खिडकीवरच्या मुलीनं तो दोनदा वाचला, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि काही न बोलता शिक्का मारला. आता यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बाहेरच्या देशांतल्या प्रवाशांचे फोटो आणि बोटांचे ठसे टिपायची नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. तेव्हा बंदरावर हाताशी जास्तीचा वेळ ठेवूनच निघावं.

मग प्रश्न आला बोटीचा. १९९४ पासून समुद्राखालून बोगदा आहे. त्यात गाडी आगगाडीवर चढवून ३५ मिनिटांत पलीकडे जाता येतं. पण समुद्राखालून गेल्यावर समुद्र दिसत नाही, हा नातीचा मुद्दा बिनतोड होता. बोटींचे मार्गही बरेच आहेत. डोव्हरहून कॅले हा सर्वांत जवळचा, सुमारे दीड तासाचा. पोर्ट्समथहून नॉर्मंडीला जाणारी बोट सहा तास घेते, प्लिमथहून ब्रिटनीतल्या रॉस्कॉफला त्याच सुमारास किंवा रात्रभरात पोचता येतं.

या रॉस्कॉफच्या बोटीची हकीकत वाचली आणि माझ्यातला जुना शेतीकर्ज अधिकारी जागा झाला. ब्रिटनी हा फ्रान्सचा पश्चिमेचा कोपरा, भाजीपाला पिकवणारा. फ्लॉवर आणि आर्टिचोक मुबलक, पण पॅरिसची बाजारपेठ लांब. समुद्रापलीकडे इंग्लंड तेवढं जवळ. अलेक्सी गूर्व्हेनेक नावाचा तिथला तरुण शेतकरी पुढारी १९६१ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा घेऊन सरकारी कचेरीत घुसला होता. पुढे रॉस्कॉफला खोल पाण्याचं बंदर झालं, पण तिथून बोट चालवायला कुणी कंपनी पुढे येईना. तेव्हा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेनं स्वतःच बोट घेतली आणि २ जानेवारी १९७३ ला, म्हणजे ब्रिटन युरोपीय समुदायात दाखल झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ती माल घेऊन प्लिमथला निघाली. त्यातून 'ब्रिटनी फेरीज' ही मोठी प्रवासी कंपनी उभी राहिली. आपल्याकडे उसाच्या शेतकऱ्यांनी सहकारी कारखाने उभे केले, तिकडे फ्लॉवरवाल्यांनी जहाज काढलं. अशा प्रकल्पाचा कर्जप्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो मंजूर केला असता का? प्रामाणिकपणे सांगायचं, तर नसता केला.

आमचा मुक्काम फ्रान्सच्या उत्तर टोकाला असल्यामुळे शेवटी डोव्हर-कॅले ठरलं. बोटीचं भाडं गाडीसकट असतं आणि ते दिवस, वेळ पाहून बदलतं. इंग्लंडच्या शाळांना जुलैच्या शेवटी सुट्टी लागते आणि सगळा देश एकदम निघतो. म्हणून जानेवारीतच आरक्षण. गाडीत काय असायला हवं याचीही यादी होती. पाठीमागे 'यूके' अक्षरांची पट्टी, बिघाड झाल्यास रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण, चमकणारी जाकिटं आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड पडू नये म्हणून दिव्यांवर लावायच्या चिकटपट्ट्या. इंग्लंडात आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक, फ्रान्समध्ये उजवीकडून, म्हणून हे सोपस्कार.

सौभाग्यवतीच्या खात्यात स्वयंपाक होता आणि तिथे एक पेच निघाला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर, २०२१ पासून, तिथून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही. ताजा कढीपत्ता, कोथिंबीरही नाही. नियमांच्या यादीत अननस, केळी, खजूर आणि नारळ मात्र चालतात असं लिहिलेलं. "नारळ चालतो ना? मग शुभ आहे," असं म्हणून तिनं कुकर, तांदूळ, मुगाची डाळ, गोडा मसाला आणि एक नारळ बांधून घेतला. "आणि तुपाचं काय?" मी विचारलं. "फ्रान्समध्ये लोणी मिळत असेलच की!" युरोपीय संघाच्या नियमाला एवढं चोख उत्तर मी तरी ऐकलेलं नाही.

ऑगस्टमधल्या एका पहाटे आम्ही निघालो. डोव्हरच्या बंदरातच फ्रेंच पोलिसांची चौकी आहे. इंग्लंडच्या जमिनीवर उभं राहून फ्रान्समध्ये प्रवेश केल्याचा शिक्का मिळतो. गाड्या रांगेनं बोटीच्या पोटात शिरल्या. गाडी बंद करून सगळ्यांना वर जावं लागतं. प्रवास संपेपर्यंत खाली परतता येत नाही. वरच्या कठड्याशी उभं राहिलो आणि डोव्हरचे पांढरे कडे मागे सरकू लागले.

ही खाडी सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम ३३ किलोमीटर रुंद आहे. मिहिर सेन १९५८ मध्ये ती पोहून गेले, तसं करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या वर्षी आरती साहा पोहून गेल्या, आशियातल्या पहिल्या महिला. नातीला हे सांगितलं तेव्हा ती खालच्या हिरवट, थंड पाण्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला मात्र फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाचं बंदर आठवत होतं. फ्रान्स आणि समुद्र हे दोन शब्द एकत्र आले की मराठी माणसाला मार्सेलिसच आठवतं. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून तिथेच उडी घेतली होती. आपल्या पिढीला फ्रान्सचा किनारा आधी माहीत झाला तो शाळेच्या पुस्तकातून.

कॅलेला उतरलो, घड्याळं तासभर पुढे केली आणि हमरस्त्याला लागलो. तिथे माझ्या 'टोल' खात्याचा उलगडा झाला. इंग्लंडच्या गाडीचं चाक उजवीकडे आणि फ्रान्सच्या टोलनाक्याची खिडकी डावीकडे. पैसे द्यायला डावीकडे बसलेलाच माणूस हवा. अशा रीतीनं निवृत्तीनंतर कित्येक वर्षांनी मी पुन्हा कॅशियर झालो. मागून नातवानं विचारलं, "आजोबा, सुटे आहेत ना?" हे वाक्य त्याला कुणी शिकवलं असावं, हे मी विचारलं नाही.

सरळ मुक्कामाला न जाता आम्ही वाट थोडी वाकडी केली होती. तक्त्यात ही एकच ओळ मी घालायला लावली होती : नव्ह शापेल. लील शहराच्या नैऋत्येला, सपाट शेतांमधलं हे लहानसं गाव. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढताना मेलेल्या आणि ज्यांची थडगीही नाहीत अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं इथल्या स्मारकाच्या भिंतीवर कोरलेली आहेत. १९२७ मध्ये ते उभं राहिलं. गोलाकार आवार, दगडी जाळी, छत्र्या, अशोकस्तंभाची आठवण करून देणारा उंच खांब आणि त्याच्या पायाशी दोन दगडी वाघ. चहूकडे बटाट्याची आणि मक्याची शेतं, आणि मध्येच हे आपल्याकडून उचलून आणल्यासारखं काहीतरी.

आम्ही पुणेकर. खडकीवरून जाता-येता बॉम्बे सॅपर्सच्या आवाराची भिंत जन्मभर पाहिलेली. त्याच खडकीच्या सॅपर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या तुकड्या २८ ऑक्टोबर १९१४ ला या गावात लढल्या. पूल बांधणारी, खंदक खणणारी ती माणसं; त्या दिवशी पायदळासारखी घराघरांतून लढली आणि भयंकर हानी सोसून मागे आली. ही फौज मार्सेलिसला उतरून जेमतेम महिना झाला होता. थंडी सुरू झालेली, आणि समोर अशी लढाई जिचं कारण त्यांना कुणी नीट सांगितलंही नसेल.

मी भिंतीवरची नावं वाचत पुढे सरकत होतो. नातू बोट धरून चालत होता. त्यानं विचारलं, "आजोबा, हे पण सुट्टीला आले होते?"

त्याच्या जगात पुण्याची माणसं परदेशात येतात ती सुट्टीलाच. मी म्हटलं, "नाही रे. यांना सुट्टी मिळाली नाही." माझ्या तोंडून गेलेलं ते साधं वाक्य पुढे आठवडाभर माझा पिच्छा पुरवणार होतं.

आमचा तंबूतळ सोम नदीच्या मुखाशी होता. या उपसागराला ओहोटी लागली की समुद्र किलोमीटर-किलोमीटर मागे जातो आणि वाळूचं ओलं मैदान उघडं पडतं. त्यावर सील पहुडलेले असतात. किनाऱ्यालगतच्या खारट गवतावर मेंढ्या चरतात. भरतीचं पाणी इतक्या चटकन परततं की वाटाड्याशिवाय त्या वाळूत लांब जाऊ नये अशी ताकीद असते. काठावरच्या सां-व्हालरी गावातून १०६६ मध्ये विल्यमचं आरमार इंग्लंड जिंकायला निघालं, म्हणजे आमच्या नेमकं उलट्या दिशेनं. समोरच्या काठावर ल क्रोतुआ. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न तिथे काही वर्षं राहत होता. दोन्ही गावांमधून वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी धावते.

तंबूतळ म्हणजे काय, हे इथे कळलं. हिरव्या कुंपणांनी आखलेल्या जागा, प्रत्येकीत गाडी, तंबू आणि विजेची जोडणी. मध्यभागी गरम पाण्याची न्हाणीघरं आणि भांडी घासायच्या मोऱ्या, जिथे सकाळ-संध्याकाळ पुरुषमंडळी रांगेनं उभी राहून भांडी घासताना दिसतात. या दृश्याचा आमच्या घरात पुढे बराच उल्लेख झाला. रात्री दहानंतर शांतता. आदल्या संध्याकाळी सांगून ठेवलं की सकाळी ताजा पाव. दुकानात काही मागण्याआधी 'बाँजूर' म्हणायचं. ते विसरलात तर समोरच्याला तुम्ही दिसतच नाही. पोहण्याच्या तलावात ढगळ चड्डीला मज्जाव, घट्टच हवी. त्यामुळे मी काठावरूनच देखरेख केली. साठी ओलांडलेल्यांसाठी अनुभवाचे दोन बोल : जमिनीवरच्या गादीवरून उठायला पहाटे क्रेन लागेल, तेव्हा खुर्चीच्या उंचीची घडीची खाट न्यावी. आणि तंबूची जागा न्हाणीघरापासून पन्नासेक पावलांवर मागून घ्यावी, त्याहून जवळही नको आणि लांबही नको.

दुसऱ्या दिवशी तुपाचा प्रयोग झाला. पहिल्यांदा आणलेलं लोणी खारवलेलं निघालं आणि खारट तूप तयार झालं. पाकिटावर 'डू' लिहिलेलं आणायचं, 'देमी-सेल' नाही, हे ज्ञान त्या किमतीत मिळालं. दुसऱ्या वेळचं तूप मात्र असं कढलं की वास चार तंबूंपर्यंत गेला. पाठोपाठ कुकरची शिट्टी झाली आणि शेजारच्या तंबूतले सत्तरीचे गृहस्थ काही अपघात झाला की काय, म्हणून धावत आले. ते निवृत्त पोस्टमन. त्यांना वरणभात आणि वर तुपाची धार दिली, आणि ओळख झाली. आमच्या सुनेनं अकरावी-बारावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलं होतं. त्या मार्कांचा खरा उपयोग त्या संध्याकाळी झाला.

पोस्टमनसाहेबांचे आजोबा याच भागात कोळशाच्या खाणीत कामाला होते. समुद्र शंभर किलोमीटरवर, पण त्यांनी तो पाहिला तो १९३६ मध्ये. त्या वर्षी जूनमध्ये फ्रान्समध्ये मोठे संप झाले, आणि लेऑं ब्लुम यांच्या सरकारनं कायदा करून प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. लेओ लाग्रांज नावाच्या तरुण उपमंत्र्यानं सुट्टीला निघणाऱ्यांसाठी रेल्वेचं तिकीट ४० टक्के स्वस्त केलं. तोवर समुद्रकिनारा ही श्रीमंतांची जागा होती. त्या ऑगस्टात खाणकामगार, गिरणीकामगार, घरातली पोरंबाळं सायकलींवर, आगगाडीत बसून निघाली. हॉटेल परवडणार नव्हतं, तेव्हा तंबू. दोनाचे तीन आठवडे १९५६ मध्ये झाले, चार १९६९ मध्ये, पाच १९८२ मध्ये. त्यांच्या लेखी तंबू ही घर गेल्याची खूण नव्हती, हक्काच्या रजेची खूण होती. हे ऐकताना माझ्या डोक्यातलं किल्लारीपासूनचं समीकरण पहिल्यांदा हललं.

मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्हाला बँकेत किती रजा असायची?"

मी अभिमानानं सांगितलं, "वर्षाला महिनाभराहून थोडी जास्त."

"वा! मग कुठे कुठे जायचात?"

सुनेनं प्रश्न मराठीत सांगितला आणि ती माझ्या उत्तराची वाट पाहू लागली. सौभाग्यवतीनं भांड्यांकडे लक्ष वळवलं. मुलगा तंबूचा दोर उगाचच ताणत उभा राहिला.

खरं उत्तर असं होतं. निवृत्तीच्या दिवशी माझ्या खात्यावर २४० दिवसांची रजा शिल्लक होती, आणि तेवढ्या दिवसांचा पगार मला मिळाला. त्याहून जास्त तेव्हा साठवता येत नव्हती, म्हणून तेवढीच. आमच्यात ही प्रतिष्ठेची गोष्ट मानली जायची. निरोपसमारंभात तिचा गौरवानं उल्लेखही झाला होता. दर चार वर्षांनी कुटुंबासह प्रवासाची सवलत असायची आणि प्रवास न करता तिचे पैसे घेण्याची सोयही असायची. बहुतेक सगळे ती सोयच घ्यायचे. मीही घेतली. फक्त एकदा, १९९७ च्या मे महिन्यात, कन्याकुमारीची तिकिटं काढली होती. मुलगा दहा वर्षांचा होता. त्यानं महिनाभर आधी पिशवी भरून ठेवली होती. निघायच्या तीन दिवस आधी शाखेत तपासणी लागली आणि मी तिकिटं परत केली. रजा कुणी नाकारली नव्हती. मागितली असती, तर साहेबांनी कुरकुरत का होईना दिली असती. मीच मागितली नाही. माझ्यावाचून शाखा चालणार नाही, असं मला मनापासून वाटत होतं. पुढे त्या सवलतीचे पैसे घेतले, त्यात स्वयंपाकघराच्या फरश्या झाल्या. फरश्या अजून चांगल्या आहेत.

"फारसा कुठे गेलो नाही," मी सुनेला म्हटलं. "सांग त्यांना, रजा विकली." ती घोटाळली. रजा विकणे याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात, ते तिला येईना. तिनं बराच वेळ काहीतरी समजावलं. पोस्टमनसाहेबांनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "घेतली कुणी?"

याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तिसऱ्या रात्री पाऊस आला. तिकडचा ऑगस्ट म्हणजे आपला श्रावण नव्हे. वारा समुद्रावरून आडवा येतो. रात्री दोनच्या सुमाराला तंबूची एक बाजू फडफडू लागली. मुलगा उठला, त्याच्यामागे मी. रेनकोट चढवून आम्ही बाहेर पडलो. दोन तणावे सुटले होते. तो गुडघ्यांवर बसून खुंट्या ठोकत होता आणि मी टॉर्च धरून उभा होतो. जन्मात कधी बापलेकानं मिळून असं काम केल्याचं मला आठवत नाही. त्याचा पंधरावा वाढदिवस, बारावीचा निकाल, सगळं मी संध्याकाळी घरी आल्यावर ऐकलेलं.

काम झालं तसा तो म्हणाला, "बाबा, कुठल्याही प्रवासाची यादी करायला बसलो ना, की माझ्या हातून पहिली वस्तू टॉर्च लिहिली जाते. कन्याकुमारीला न्यायला मी टॉर्च घेतला होता. आठवतं?"

मला टॉर्च आठवत नव्हता. मी म्हटलं, "त्या वेळी तपासणी होती रे."

"माहीत आहे, बाबा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. "चला आत. भिजलात तुम्ही."

आत सौभाग्यवती जागी होती. तिनं काही न विचारता टॉवेल पुढे केला. नंतर अंधारात खाटेवर पडल्या पडल्या कापडावर पडणारा पाऊस ऐकत मी मनातल्या मनात हिशेब करत होतो. २४० दिवस म्हणजे आठ महिने. ती रक्कम आपल्या हाती आली, पण ते आठ महिने कुणाच्या खात्यातून वजा झाले, हे पासबुकात दिसत नाही.

परतताना कॅले पुन्हा लागलं. जाताना गडबडीत न दिसलेलं येताना दिसलं. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला उंच तारांची कुंपणं आहेत आणि पोलिसांच्या गाड्या. २०१६ च्या ऑक्टोबरपर्यंत इथे निर्वासितांची मोठी वस्ती होती, तिला 'जंगल'च म्हणत. ती सरकारनं हटवली. माणसं हटली नाहीत. २०१८ पासून कितीतरी जण रबरी होड्यांत बसून त्याच ३३ किलोमीटरच्या पाण्यात उतरू लागले आणि त्यांतले अनेक बुडाले. रस्त्याकडेच्या झाडांमागे तीन-चार लहान तंबू दिसले, आमच्या नातवंडांच्या तंबूसारखेच, त्याच कापडाचे. गाडीत कुणी काही बोललं नाही. खिडकीतून आम्ही सहा पासपोर्ट पुढे केले आणि दोन मिनिटांत पलीकडे गेलो. त्याच बोटीत तिकिटाचे पैसे देऊनही ज्यांना चढता येत नाही, त्यांच्यापुढे आपली न घेतलेल्या रजेची खंत किती लहान, हे मला कळत होतं. पण लहान झाली, म्हणून ती खोटी होत नाही.

हे लिहायचं कारण एवढंच, की आपल्यातले अनेक जण अजून नोकरीत आहेत. त्यांच्या मुलांच्या पिशव्याही कुठेतरी भरून ठेवलेल्या असतील. फ्रान्सच जायला पाहिजे असं नाही. तंबूही नको. फक्त तपासणी लागली तर साहेबांना एकदा विचारून पाहावं. साहेब नाही म्हणाले, तर ती गोष्ट वेगळी. पण आपणच आपले साहेब होऊन नाही म्हणू नये.

यंदा डिसेंबरात मुलगा सहकुटुंब पुण्याला यायचा आहे. या वेळी तक्ता मी केला आहे, कागदावर, लाल-निळ्या रेघा मारून. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं, ती तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे. सहा तिकिटं, कन्याकुमारीची. 'कोण करणार' या रकान्यात सगळीकडे माझंच नाव आहे.

सामानाच्या यादीतली पहिली वस्तू मी परवाच जाऊन घेऊन आलो. तिच्यात सेलही घालून ठेवले आहेत.